‘पाहू नका’ असे सांगणारा चित्रपट : ‘तेसिस’ आणि थरारपटाचे संकेत

मराठी समीक्षेत ‘सांकेतिक’ हे विशेषण बहुधा दूषण म्हणूनच वापरले जाते. एखादी कथा सांकेतिक आहे असे म्हटले की तिच्यात अनुभवाचे नावीन्य नाही, लेखकाने रूढ साचा उचलला आहे, असा निष्कर्ष गृहीत धरला जातो. नवकथेनंतरच्या काळात कलाकृतीची अनन्यता हा मूल्याचा प्रमुख निकष ठरल्यामुळे रहस्यकथा, भयकथा, थरारपट यांसारख्या प्रकारांचा विचार वाङ्मयसमीक्षेच्या अंगणाबाहेरच राहिला. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि वाचकांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या. परंतु या कथांनी वाचकाची उत्कंठा नेमकी कशी जागवली, हा प्रश्न समीक्षेने फारसा गंभीरपणे विचारला नाही. प्रश्न न विचारण्यामागे एक समजूत होती : संकेत ही आळशी लेखकाची सोय आहे.

प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी एका विशिष्ट कृतीच्या आधारे करावयाची आहे. ती कृती म्हणजे आलेहान्द्रो आमेनाबार या दिग्दर्शकाचा १९९६ साली प्रदर्शित झालेला स्पॅनिश चित्रपट ‘तेसिस’, म्हणजेच ‘प्रबंध’. या चित्रपटाची निवड दोन कारणांसाठी केली आहे. एक तर तो दुहेरी अर्थाने विद्यार्थ्यांचा थरारपट आहे : त्यातील प्रमुख पात्रे विद्यापीठातील विद्यार्थी आहेत, आणि तो रचणारा आमेनाबारही नुकताच विद्यार्थिदशेतून बाहेर पडलेला, चोविशीच्या आतबाहेरचा तरुण होता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या चित्रपटात थरारपटाचे जवळजवळ सर्व रूढ संकेत उघडपणे वापरलेले आहेत, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो प्रेक्षकाला एक असा प्रश्न विचारतो, जो ‘अनन्य’ कलाकृतीला तितक्या थेटपणे विचारता आला नसता.

१

प्रथम ऐतिहासिक पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १९७५ साली फ्रांकोचा मृत्यू झाल्यानंतर स्पेनमध्ये लोकशाहीचे पुनरागमन झाले. १९८२ साली समाजवादी पक्ष सत्तेवर आल्यावर पिलार मिरो या दिग्दर्शिकेकडे चित्रपटविषयक शासकीय धोरणाची सूत्रे आली, आणि १९८३ च्या अखेरीस तिने चित्रपटांना आगाऊ अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. ‘दर्जेदार’ चित्रपट, विशेषतः साहित्यकृतींची रूपांतरे, या धोरणातून वाढीला लागले. पण स्वदेशी चित्रपटापासून दुरावलेला प्रेक्षक त्यामुळे परत आला नाही. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी स्पॅनिश चित्रपट म्हणजे अनुदानावर जगणारा, सुसंस्कृत आणि कंटाळवाणा चित्रपट, अशी तरुण प्रेक्षकाची धारणा झाली होती. आमेनाबारच्या पिढीने भयपट आणि थरारपट यांच्याकडे वळणे ही या परिस्थितीवरची प्रतिक्रिया होती.

आमेनाबारचा जन्म १९७२ साली चिलीत झाला. १९७३ मध्ये त्याचे कुटुंब स्पेनला आले. माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठात, संज्ञापनशास्त्राच्या विद्याशाखेत तो शिकत होता. पदवी त्याने पूर्ण केली नाही. मात्र विद्यार्थिदशेत त्याने काही लघुपट केले. त्यांपैकी १९९२ च्या ‘इमेनोप्तेरो’मध्ये शाळेच्या इमारतीत भयपटाचे चित्रीकरण करू पाहणाऱ्या मुली आहेत, आणि कॅमेरा घेऊन वावरणारा बोस्को नावाचा अबोल तरुण आहे, ही भूमिका स्वतः आमेनाबारनेच केली. होसे लुइस क्वेर्दा या प्रतिष्ठित दिग्दर्शकाचे लक्ष या तरुणाकडे गेले आणि त्याने ‘तेसिस’ची निर्मिती केली. शैक्षणिक इमारत, कॅमेरा, पाहणारा आणि पाहिला जाणारा : ‘तेसिस’चे सारे मूलद्रव्य त्या विद्यार्थिपटात आधीच आहे. बोस्को हे नावसुद्धा पुढे तेच राहिले.

येथे विद्यार्थिपटाच्या एका सर्वसाधारण लक्षणाकडे निर्देश करणे उचित होईल. विद्यार्थ्यापाशी पैसा नसतो, नामांकित नट नसतात, भव्य नेपथ्य नसते. त्याच्यापाशी असते ती हाताशी असलेली वास्तू, दोनचार मित्र आणि आधी पाहिलेल्या चित्रपटांची स्मृती. थरारपटाचे संकेत या टंचाईला अनुकूल असतात. बंद दार, लांबलचक मोकळी मार्गिका, मागून येणारी पावले यांना खर्च पडत नाही. कारण त्यांचा परिणाम मुख्यतः प्रेक्षकाच्या मनात आधीच साठवलेल्या अपेक्षांतून घडतो. ‘तेसिस’चे बरेचसे चित्रीकरण आमेनाबार जेथे शिकला त्याच विद्याशाखेच्या करड्या काँक्रीटच्या इमारतीत झाले. ज्या मार्गिकांतून तो रोज वर्गात जात होता त्याच मार्गिका त्याने संशयाने भरून टाकल्या. हे केवळ काटकसरीचे लक्षण नव्हते. संज्ञापन शिकवणारी संस्था हीच गुन्ह्याची जागा आहे, असे त्यातून सुचवले गेले.

२

उत्कंठा कशी निर्माण होते? हिचकॉकने त्र्युफोशी केलेल्या, १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या दीर्घ संभाषणात याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण दिले आहे. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटामुळे त्याला क्षणभर धक्का बसेल. पण ते ठाऊक असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना ठाऊक नसेल, तर त्यांच्या निरर्थक गप्पांचा प्रत्येक क्षण ताणला जाईल. म्हणजे उत्कंठा ही ज्ञानाच्या विषम वाटपातून जन्मते. त्याच १९६६ साली त्झ्वेतान तोदोरोव्हने गुन्हेकथेच्या प्रकारांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले, की अभिजात रहस्यकथेत दोन कथा असतात : एक घडून गेलेल्या गुन्ह्याची, दुसरी त्याच्या शोधाची. पहिली अनुपस्थित असते, दुसरी उपस्थित. शोध घेणारा सुरक्षित असतो. थरारकथेत मात्र दुसरी कथाच प्रधान होते आणि शोधकर्त्याचे प्राण पणाला लागतात. या दोहोंच्या संयोगातून तोदोरोव्हच्या मते तिसरा प्रकार संभवतो : भूतकाळाचे कुतूहल आणि भविष्याची धास्ती ही दोन्ही ज्यात एकाच वेळी जागी राहतात असा.

आपल्या परंपरेतही या विश्लेषणासाठी साधने आहेत. नाट्यशास्त्राने औत्सुक्य, शंका, चिंता आणि त्रास यांना तेहतीस व्यभिचारी भावांत स्थान दिले आहे. म्हणजे हे भाव स्थायी नव्हेत, ते येतात, जातात आणि स्थायी भावाला पुष्ट करतात. हे सूत्र थरारपटाला लावून पाहिले तर एक उपयुक्त प्रश्न हाती येतो. औत्सुक्य हे जर संचारी असेल, तर ते कोणत्या स्थायीची सेवा करीत आहे? भयाची, शोकाची, की जुगुप्सेची? सामान्य थरारपटात उत्कंठा स्वतःचीच सेवा करते. ‘तेसिस’मध्ये ती कोणाची सेवा करते, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

३

चित्रपटाची नायिका आन्हेला ही दृक्‌श्राव्य माध्यमांतील हिंसेवर प्रबंध लिहीत आहे. तिच्या विनंतीवरून तिचे मार्गदर्शक प्राध्यापक फिगेरोआ विद्यापीठाच्या चित्रफितसंग्रहात हिंसक फिती शोधायला जातात, तेथून एक फीत आणतात, आणि ती पाहताना प्रक्षेपणकक्षातच मरण पावतात. त्यांचे प्रेत आन्हेलाला दिसते. ती कोणाला हाक मारीत नाही. फीत काढून घेते. फितीत एका तरुणीचा छळ आणि प्रत्यक्ष खून चित्रित केलेला आहे. ती तरुणी म्हणजे दोन वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली याच विद्याशाखेची विद्यार्थिनी. भयपटांचा आणि विकृत चित्रफितींचा शौकीन, एकलकोंडा चेमा हा आन्हेलाला साहाय्य करतो. संशय देखण्या, श्रीमंत बोस्कोवर जातो; मग तो पुन्हा चेमावरही येतो. फिगेरोआंच्या जागी आलेले प्राध्यापक कास्त्रो हेही गुन्ह्यात सामील असल्याचे उघड होते.

यांतील एकही घटक नवा नाही. निषिद्ध दालन आणि ते उघडणारी जिज्ञासू स्त्री हा संकेत १६९७ मध्ये पेरोने लिहून काढलेल्या निळ्या दाढीवाल्याच्या कहाणीइतका जुना आहे. येथे दालनाची जागा चित्रफितीने घेतली आहे. वास्तूच्या पोटातील भुयार १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून गॉथिक कादंबरीची खूण बनलेले आहे, येथे ते विद्यापीठाच्या संग्रहालयाखाली आहे. खुनी आणि कॅमेरा यांचे अद्वैत मायकेल पॉवेलने १९६० च्या ‘पीपिंग टॉम’मध्ये मांडले होते. फितीतील सूक्ष्म तांत्रिक खुणांवरून गुन्हेगाराचा माग काढणे ही युक्ती ‘ब्लो-अप’ (१९६६) आणि ‘ब्लो आउट’ (१९८१) यांच्या वंशातील आहे. येथे चित्रप्रतिमेच्या पोतावरून चेमा कॅमेऱ्याचे मॉडेल ओळखतो. आमेनाबार हे ऋण लपवीत नाही. प्रेक्षकाला हे संकेत ठाऊक आहेत हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याची रचना या दुहेरी जाणिवेवर उभी आहे.

उदाहरणार्थ, संशयिताचा संकेत घ्या. अनुभवी प्रेक्षकाचा नियम असा, की जो उघड संशयित तो निर्दोष असतो. बोस्को इतका उघड संशयित आहे, की हा नियम त्याला मुक्त करतो आणि संशय चेमाकडे वळवतो. चेमाचे घर, त्याचा फितींचा संग्रह, आन्हेलाचे त्याने गुपचूप केलेले चित्रण हे सारे या संशयाला खतपाणी घालते. आन्हेला दोघांमध्ये दोलायमान होते ती पुराव्यांमुळे जितकी, तितकीच आकर्षणामुळे. आणि प्रेक्षक दोलायमान होतो तो आपल्या प्रकारज्ञानामुळे. हान्स रोबर्ट याउसने ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते येथे स्थिर रेषेसारखे राहत नाही. दिग्दर्शक ते आपल्याच विरुद्ध वळवतो. ज्याला संकेत ठाऊक नाहीत त्या भोळ्या प्रेक्षकाला बोस्को पहिल्यापासून गुन्हेगार वाटेल, आणि शेवटी तोच बरोबर ठरेल. चतुर प्रेक्षक मात्र आपल्या चातुर्यानेच फसतो.

भुयाराचा प्रसंग दुसऱ्या अंगाने उद्‌बोधक आहे. आन्हेला आणि चेमा संग्रहाखालील अंधाऱ्या मार्गात कोंडले जातात. उजेड फक्त काडेपेटीतील मोजक्या काड्यांचा. प्रत्येक काडी म्हणजे काही क्षणांचे दृश्य, आणि पुन्हा काळोख. चित्रपटाचे माध्यमच येथे त्याच्या मूळ घटकांत विघटित झाले आहे : प्रकाश, अंधार आणि त्यांमधला अवधी. याच काळोखात चेमा आन्हेलाला धीर यावा म्हणून राजकन्येची आणि कुरूप बुटक्याची गोष्ट सांगतो. ती ऑस्कर वाइल्डच्या कथेची आठवण करून देते, आणि सांगणाऱ्याची स्वतःचीच कैफियतही असते. उत्कंठा शिगेला पोचलेली असताना कथा थांबवून दुसरी कथा सांगणे ही कथनाची जुनी रीत आहे. पण येथे तिने आणखी एक काम केले आहे. जिच्याकडे पाहिले जाते ती आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो, या नात्याकडे तिने आपले लक्ष वेधले आहे.

४

परंतु ‘तेसिस’चा खरा गाभा आहे तो दाखवणे आणि न दाखवणे यांच्या संबंधात. चित्रपटाचा आरंभच पाहा. भुयारी रेल्वेखाली एका माणसाने उडी घेतली आहे. त्याच्या शरीराचे दोन तुकडे झाले आहेत. प्रवाशांना सांगितले जाते, की ओळीने बाहेर पडा आणि रुळांकडे पाहू नका. आन्हेला ओळीतून बाहेर पडते आणि फलाटाच्या कडेकडे सरकते. कॅमेरा तिच्याबरोबर सरकतो, आपली नजरही. ती पोचणार तोच तिला मागे ओढले जाते. आपण काहीही पाहिलेले नाही. मात्र पाहण्याची इच्छा आपल्या ठायी होती, हे आपल्याला कळून चुकले आहे. हिचकॉकच्या उदाहरणातील प्रेक्षक पात्रांसाठी घाबरतो. येथे प्रेक्षकाला स्वतःविषयी काही समजते.

पुढे फीत घरी आणल्यावर आन्हेला ती पाहायला धजत नाही. ती पडदा काळा करते आणि केवळ ध्वनी ऐकते. किंकाळ्या ऐकू येतात, चित्र नाही. ॲन रॅडक्लिफने भय आणि बीभत्स यांत भेद केला होता. तिच्या मृत्यूनंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निबंधात तिने म्हटले, की अस्पष्टतेतून उपजणारे भय मनाला विस्तारते, तर उघड्या भीषणतेने ते गोठते. आमेनाबारने हा भेद तांत्रिक पातळीवर अमलात आणला आहे. पुढे चेमासोबत फीत पाहतानाही आपल्याला तिचे तुकडेच दिसतात. अधिक दिसतात ते पाहणाऱ्यांचे चेहरे, आणि डोळ्यांवर हात घेऊन बोटांच्या फटीतून पाहणारी आन्हेला. ती भूमिका आना तोर्रेन्त हिने केली आहे. विक्तोर एरिथेच्या १९७३ च्या चित्रपटात फ्रँकेनस्टाइनचा चित्रपट पाहून डोळे विस्फारणारी लहान मुलगी तीच होती. स्पॅनिश प्रेक्षक हे डोळे ओळखत होता.

आपल्या नाट्यशास्त्रानेही युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाद्वारे सुचवाव्यात, असा दंडक घातला आहे. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाचा मृत्यू रंगमंचावर घडतो, तो या दंडकाला अपवाद म्हणूनच चर्चिला जातो. हा नियम सामान्यतः औचित्याचा नियम म्हणून समजला गेला. ‘तेसिस’च्या संदर्भात त्याचा वेगळा अन्वयार्थ लावता येईल : मरण दाखवणे हे मरणाऱ्याशी कसे वागणे आहे, हा नैतिक प्रश्न त्यात सुप्त आहे.

हा प्रश्न १९९६ च्या स्पेनमध्ये तात्त्विक राहिलेला नव्हता. १९९० मध्ये तेथे खाजगी दूरचित्रवाणी सुरू झाली होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये वालेन्सियाजवळच्या आल्कासेर गावातील तीन किशोरवयीन मुली बेपत्ता झाल्या. जानेवारी १९९३ मध्ये त्यांचे मृतदेह सापडले. त्यानंतर गावातूनच थेट प्रक्षेपण झाले, शोकाकुल आप्तांना कॅमेऱ्यासमोर बसवले गेले, आणि त्या कार्यक्रमांनी देशभर मोठा वाद माजला. मुलीचा छळ आणि मृत्यू ही पाहण्याची वस्तू बनते, हे ‘तेसिस’च्या प्रेक्षकाने कल्पनेत नव्हे, आपल्या दिवाणखान्यात अनुभवले होते. म्हणूनच चित्रपटाचा शेवट असा आहे : रुग्णालयात प्रत्येक खाटेवरचा रुग्ण दूरचित्रवाणीकडे टक लावून पाहत आहे, निवेदिका खुनाच्या त्या फितीतील दृश्ये दाखवण्याची घोषणा करते, आन्हेला आणि चेमा मात्र मार्गिकेतून चालत बाहेर पडतात. पडद्यावर सावधगिरीची सूचना येते, आणि चित्रपट संपतो. दृश्ये आपल्याला दाखवली जात नाहीत. दोन तासांच्या आतबाहेर पोसलेली उत्कंठा नेमक्या त्या क्षणी अतृप्त ठेवली जाते. औत्सुक्य कोणत्या स्थायीची सेवा करीत होते याचे उत्तर येथे मिळते : ते आपल्याच जुगुप्सेची सामग्री होते.

५

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. हिंसेच्या विक्रीचा निषेध करणारा हा चित्रपट स्वतः हिंसेच्या भयावरच जगतो. प्राध्यापक कास्त्रो वर्गात सांगतात, की चित्रपट हा उद्योग आहे आणि प्रेक्षकाला हवे ते दिल्याशिवाय तो तगणार नाही. पुढे हाच शिक्षक गुन्ह्यात सामील निघतो, म्हणजे चित्रपटाने त्या विधानाला दोषी ठरवले. पण ‘तेसिस’ने तरी वेगळे काय केले? प्रेक्षकाला हवे ते त्याने दिले, तो चालला, आणि १९९७ च्या गोया पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात पारितोषिके त्याने मिळवली. शिवाय बोस्कोचा मृत्यू आपण पाहतो, आणि तोही चालू कॅमेऱ्यासमोर घडतो. आन्हेला स्वतःच एका मृत्युपटाची दिग्दर्शिका ठरते, आणि सूडाचे समाधान आपल्याला नाकारले जात नाही.

हा आक्षेप पूर्णपणे परतवता येत नाही. मात्र तो मान्य केला तरी निष्कर्ष असा निघत नाही, की संकेतांचा वापर हाच दोष होता. उलट, संकेतांबाहेर उभे राहून केलेला उपदेश प्रेक्षकाच्या इच्छेपर्यंत पोचलाच नसता. बोटांच्या फटीतून पाहणाऱ्याला ‘तू पाहत आहेस’ हे सांगायचे, तर त्याला आधी पाहायला लावावे लागते. संकेत हे त्याच्या इच्छेचे घडवलेले रूप आहे. त्यात शिरल्याखेरीज त्या इच्छेशी वाद घालता येत नाही. चित्रपटाचे यश त्याच्या शुद्धतेत नाही. आपल्या अशुद्धतेची खूण त्याने शेवटच्या क्षणी पडदा रिकामा ठेवून दाखवली, यात ते आहे.

या दृष्टीने आपल्याकडील इतिहासही पुन्हा वाचण्याजोगा आहे. १९६० साली पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या आवारात, चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिचे नाव आपण बहुधा समांतर चित्रपटाशी जोडतो. परंतु तेथीलच विधु विनोद चोप्रा यांचा ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’ (१९७६) हा विद्यार्थिपट नावापासूनच गुन्हेपटाच्या कुळातला होता, आणि त्याच कथाबीजातून पुढे ‘सजा-ए-मौत’ (१९८१) हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. तेथूनच बाहेर पडलेल्या कुंदन शहा यांनी ‘जाने भी दो यारों’मध्ये (१९८३) ‘ब्लो-अप’मधली छायाचित्रात सापडलेल्या खुनाची कल्पना मुंबईतील भ्रष्टाचाराच्या प्रहसनात रुजवली. श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ने (२०१८) तर पुण्याच्याच पार्श्वभूमीवर, आंधळेपणाचे सोंग घेतलेल्या आणि म्हणून खून पाहूनही न पाहिल्यासारखे वागणे भाग पडलेल्या वादकाची गोष्ट सांगितली. पाहण्याची जबाबदारी हा ‘तेसिस’चाच विषय तेथे विनोदाच्या अंगाने आला आहे. या कृतींना प्रयोगशील म्हणावे की लोकप्रिय, असा पेच आपण घालून घेतो, तो संकेताविषयीच्या आपल्या मूळ अढीमुळे.

ती अढी सोडली, तर अर्नाळकरांच्या कथांपासून या चित्रपटांपर्यंत एक सलग प्रश्न विचारता येईल : या समाजाने कोणकोणत्या बंद दारांभोवती उत्कंठा रचली, आणि ती दारे उघडल्यावर आत काय पाहायचे नाकारले? थरारपटाचे संकेत म्हणजे आपल्या सामूहिक कुतूहलाचा दप्तरखाना आहे. आन्हेलाप्रमाणे समीक्षेलाही त्या दप्तरखान्यात उतरावे लागेल. आणि तिच्याप्रमाणेच आपण तेथे का आलो, हे स्वतःला विचारावे लागेल.